वर्ज्य स्वरांची श्रीमंती

संगीताचा व्यवसाय करणाऱ्या पाश्चात्त्य कंपन्यांच्या दफ्तरात प्रत्येक गाणे कोणत्या ना कोणत्या खात्यावर चढवावे लागते. जॅझ, रॉक, लोकसंगीत, अभिजात, इलेक्ट्रॉनिक अशी ती खाती पूर्वीपासून मुक्रर झालेली असून, ज्याची भाषा इंग्रजी नाही आणि ज्याचे कूळ युरोप-अमेरिकेतले नाही अशा एकूण एक गाण्यासाठी ‘जागतिक संगीत’ नावाचे एक मोघम खाते राखून ठेवण्याची वहिवाट तेथे कित्येक दशके चालत आली आहे. २३ एप्रिल २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या ‘न्यू अ‍ॅमस्टरडॅम रेकॉर्ड्स’ या लहानशा संस्थेने ‘व्हल्चर प्रिन्स’ या नावाचा, अवघ्या सात रचनांचा एक अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हा या वहिवाटीची मोठीच अडचण झाली. गाण्यांची भाषा प्रामुख्याने उर्दू, काव्य बहुतांशी गझलेचे, साथीला स्कॉटलंडची हार्प, ब्राझीलची गिटार आणि जॅझमधले फ्लूगलहॉर्न, ध्वनीची हाताळणी इलेक्ट्रॉनिक संगीतात मुरलेल्या हाताची, आणि गाणारा गळा असा की ज्याच्यावर कोणत्याही घराण्याचा शिक्का नाही. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमी पारितोषिकांची नामांकने झाली त्या वेळी या गायिकेचे नाव एकाच वर्षी दोन ठिकाणी दाखल करण्यात आले : एकदा ‘जागतिक’ सादरीकरणाच्या विभागात, आणि एकदा भाषा-देश यांचा भेद न मानणाऱ्या ‘सर्वोत्कृष्ट नव्या कलावंता’च्या सर्वसाधारण विभागात. ज्यांना नवे म्हटले गेले त्या अरूज आफताब तेव्हा सदतिसाव्या वर्षात होत्या आणि हा त्यांचा तिसरा अल्बम होता.

आफताब यांचा जन्म १९८५ सालचा, सौदी अरेबियातील रियाध येथला. आईवडील पाकिस्तानी, आणि मुलगी अकराएक वर्षांची असताना कुटुंब लाहोरला परतले. लाहोर हे गझल आणि कव्वाली यांचे जुने पीठ असले तरी गाणे लिहावे, त्याला स्वतःच चाल लावावी आणि ते स्वतःच गावे, अशी इच्छा असलेल्या मुलीला रीतसर शिक्षण देईल अशी संस्था त्या शहरात तिला आढळली नाही, तेव्हा ती गिटार स्वतःच्या स्वतः शिकली. घरात जी गाणी कानांवर पडत होती त्यांत बेगम अख्तर होत्या तशाच बिली हॉलिडेही होत्या. आणि या दोघींच्या गाण्यांतील दुःखाची जात एकच आहे हे ज्या वयात उमगते त्या वयात पुस्तकांतले वर्गीकरण कोणाला ठाऊकही नसते. लेनर्ड कोहेन यांच्या ‘हालेलूया’ या गीताचे तिने केलेले ध्वनिमुद्रण, यूट्यूब आणि फेसबुक यांचा अवतार होण्यापूर्वीच्या त्या काळात, ईमेलने आणि संगणकावरून एकमेकांना गाणी पाठविण्याच्या ज्या चोरवाटा तेव्हा होत्या त्यांवरून पाकिस्तानभर पसरले. त्या गाण्याने पैसा मिळवून दिला नाही. परंतु कोणत्याही कंपनीच्या सनदेवाचून, कोणत्याही उस्तादाच्या शिफारशीवाचून आपला आवाज अनोळखी माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचू शकतो एवढा भरवसा त्याने दिला. पुढे २००५ साली बॉस्टनच्या ‘बर्कली कॉलेज ऑफ म्युझिक’मध्ये प्रवेश घेऊन त्यांनी संगीतनिर्मिती, ध्वनिअभियांत्रिकी आणि जॅझरचना यांचे शिक्षण घेतले.

या शिक्षणातील अभियांत्रिकीचा भाग वाचकाने विशेष ध्यानात ठेवावा. आपल्याकडे गायक हा गायक असतो आणि ध्वनिमुद्रण करणारा हा तंत्रज्ञ असतो. दोघांच्या मध्ये काचेची एक भिंत असते, आणि भिंतीपलीकडे काय चालते याची चौकशी करण्याची गायकाला गरज भासत नाही. आफताब या मात्र शिक्षण संपवून न्यूयॉर्कला आल्यावर उदरनिर्वाहासाठी दीर्घकाळ ध्वनिसंपादनाचेच काम करीत होत्या, आणि आपल्या अल्बमच्या निर्मात्याही त्या स्वतःच आहेत. आवाज मायक्रोफोनच्या किती जवळ असावा, श्वासाची चाहूल पुसून टाकावी की राहू द्यावी, एक वाद्य थांबल्यावर त्याचा अनुनाद किती काळ दरवळू द्यावा, हे सगळे निर्णय ज्या व्यक्तीने गायचे तिनेच घेतलेले आहेत. ‘व्हल्चर प्रिन्स’मध्ये शांततेला जे स्थान मिळाले आहे त्याचे एक कारण ही दुहेरी विद्या आहे असे माझे मत आहे, कारण शांततेची किंमत संपादकाला जितकी कळते तितकी ती केवळ गाणाऱ्याला कळेलच असे नाही.

या काळातली एक हकीकत आफताब यांनी मुलाखतींतून सांगितलेली आहे. २०१० साली न्यूयॉर्कला सूफी संगीताचा महोत्सव भरला असता थोर सूफी गायिका आबिदा परवीन तेथे आल्या होत्या. ही तरुण मुलगी त्यांच्या हॉटेलातील खोलीचे दार ठोठावून आत गेली, आबिदाजींनी तिला बसवून घेतले, हार्मोनियम पुढे आली आणि दोघी गायल्या. आयुष्यात पुढे काय करावे असे मुलीने विचारले तेव्हा माझे अल्बम ऐक, एवढेच त्या थोर गायिकेने सांगितल्याची आठवण आहे. ज्यांना गंडाबंधनाची परंपरा ठाऊक आहे त्यांना या उत्तरात कोरडेपणा वाटण्याचा संभव आहे. मला ते उत्तर अत्यंत योग्य वाटते. कारण ज्या शिष्येला गुरुगृही बारा वर्षे राहणे शक्य नाही तिच्यासाठी ध्वनिमुद्रिका हेच गुरुकुल असते, आणि विसाव्या शतकाने जगभरच्या लक्षावधी विद्यार्थ्यांना हेच गुरुकुल उपलब्ध करून दिले.

२०१४ सालच्या ‘बर्ड अंडर वॉटर’ या पहिल्या अल्बममध्ये पाच रचना होत्या आणि त्यांत ‘मन कुंतो मौला’सारखा कव्वालीचा जुना ठेवा होता, २०१८ सालचा ‘सायरन आयलंड्स’ हा दुसरा अल्बम जवळजवळ संपूर्णपणे यंत्रनिर्मित स्वरांच्या लाटांचा होता. पहिल्यात परंपरा अधिक आणि दुसऱ्यात प्रयोग अधिक. तिसऱ्याचे काम चालू असताना, त्याच २०१८ साली, त्यांचा धाकटा भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांची मैत्रीण, पाकिस्तानी पत्रकार आणि लेखिका ॲनी अली खान हीही गेली. अल्बम भावाच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे आणि ‘सांस लो’ ही त्यातील रचना या मैत्रिणीच्या कवितेवर बांधलेली आहे. मृत्यूने घातलेल्या या घाल्यानंतर जे संगीत पुरे झाले त्याच्या नावात गिधाड यावे याचे मुंबईच्या वाचकाला फारसे नवल वाटणार नाही; मलबार हिलवरील पारशी बांधवांचा दोखमा ज्याने निदान ऐकून जाणला आहे त्याला हे ठाऊक असते की, गिधाड हे अनेक संस्कृतींत मृतदेहाला निसर्गाच्या स्वाधीन करण्याच्या पवित्र कार्यातले साहाय्यक मानलेले आहे, आणि बीभत्स म्हणून त्याच्याकडे पाठ फिरविणे हे मृत्यूकडेच पाठ फिरविण्यासारखे आहे.

आता या संगीतातील मिश्रणाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. मिश्रण म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते बेरजेचे असते : तबल्याला ड्रम्सची जोड, सतारीला इलेक्ट्रिक गिटारची, मध्येच आलाप घेणारा एखादा गवई, आणि अखेरीस सर्वांनी मिळून द्रुत लयीत केलेले सवालजबाब. १९७० च्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांनी ‘शक्ती’ या नावाने जे उभे केले त्याची थोरवी कोणी नाकारणार नाही. परंतु त्यांच्या मागून जे अनुकरण आले त्यात प्रत्येकाने आपापले वतन राखावे, पाळीपाळीने आपली कामगिरी रुजू करावी आणि टाळ्या घेऊन बाजूला व्हावे, असाच प्रकार पुष्कळदा झाला. आफताब यांनी याच्या उलट दिशेने प्रवास केला. त्यांनी गझलेच्या परंपरागत गायकीतून तबला काढला, हार्मोनियम काढली, तान काढली, मुरक्यांची गर्दी काढली, आणि गझलेतील पाच-सात शेरांपैकी मोजकेच शेर ठेवून बाकीचेही काढले. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात आणि ते वर्ज्य असल्यामुळेच भूप हा भूप होतो, हे आपल्याकडे संगीताची पहिली परीक्षा देणाऱ्या मुलालाही ठाऊक असते; तेच तत्त्व या बाईंनी रागाच्या सीमेतून बाहेर काढून संपूर्ण गायनप्रकाराला लावले, आणि जी जागा मोकळी झाली तीत जॅझ, केल्टिक लोकसंगीत व आधुनिक पाश्चात्त्य रचनापद्धती यांना इतक्या अलगद उतरू दिले की, कोण पाहुणा आणि कोण घरधनी हे ऐकणाऱ्याने ठरवू म्हटले तरी ठरविता येऊ नये.

या वजाबाकीचे मोल कळण्यासाठी गझल मैफलीत कशी गायली जाते हे थोडे आठवावे लागेल. सुरेश भटांच्या प्रयत्नांमुळे मतला, काफिया, रदीफ हे शब्द मराठी रसिकाच्या परिचयाचे झालेले आहेत. प्रत्येक शेर हा दोन ओळींचा स्वयंपूर्ण डाव असून पहिल्या ओळीत उत्कंठा बांधली जाते आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी, काफिया व रदीफ येता क्षणी, ती सुटते, हेही तो जाणतो. मैफलीतला गायक पहिली ओळ निरनिराळ्या प्रकारे घोळवितो, श्रोत्यांना ताटकळत ठेवितो, मग दुसरी ओळ पुरी करतो. दाद उसळते, तबलजी लग्गी लावतो, हार्मोनियम गायकाच्या पाठोपाठ धावते, आणि पुढच्या शेरासाठी रंगमंच पुन्हा सज्ज होतो. ही पद्धत श्रोत्यांच्या उपस्थितीवर उभी आहे. तीत दुःख गायले जात असले तरी प्रसंग समारंभाचाच असतो.

‘मोहब्बत’ ही या अल्बममधील सर्वाधिक गाजलेली रचना हफीज होशियारपुरी यांच्या गझलेवर आधारलेली आहे. होशियारपूरचे नाव धारण करणारा आणि फाळणीनंतर पाकिस्तान रेडिओच्या सेवेत राहिलेला हा कवी. त्याची ही गझल मेहदी हसन यांच्या कंठातून उपखंडभर पोहोचलेली होती. आपण नाहीसे झालो तरी प्रियेच्या भोवतीची मैफल भरलेलीच राहील, उणीव पडेल ती केवळ आपली, असा तिचा आशय आहे. मेहदी हसन ती गातात तेव्हा तीत एक राजस अभिमान असतो. जाणारा माणूस आपल्या जाण्याची दखल स्वतःच घेत असतो आणि त्याच्या आवाजातला दर्द श्रोत्यांनी भरलेल्या दिवाणखान्याला उद्देशून असतो. आफताब यांच्या रचनेत दिवाणखाना नाही. गिटारचा एक लहानसा आकृतिबंध पुन्हापुन्हा फिरत राहतो, त्याखाली तालवाद्याची अगदी हलकी कुजबुज असते, आवाज खालच्या पट्टीत, कोणालाही काही पटवून देण्याची घाई नसल्यासारखा येतो, दोन ओळींच्या मध्ये इतका अवकाश ठेवतो की गाणे संपले की काय असे वाटावे, आणि पुष्कळ वेळाने फ्लूगलहॉर्न, ट्रम्पेटच्या कुळातले पण ट्रम्पेटहून कितीतरी मऊ असलेले ते पितळी वाद्य, गायिकेने न उच्चारलेले जणू उच्चारून जाते. साडेसात मिनिटांहून अधिक चालणाऱ्या या रचनेत मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट अशी की, तीत शब्दांची मालकी बदललेली आहे. मूळ गझलेत जो जातो तो बोलतो. येथे मागे राहिलेली बहीण त्या गेलेल्याचे शब्द उच्चारीत आहे, आणि ‘मैफल भरलेली राहील’ हे आश्वासन जिला दिले गेले तीच ते रिकाम्या खोलीत परत म्हणून पाहत आहे. एका अक्षराचाही बदल न करता कवितेचा अर्थ असा फिरविणे हे रचनाकाराचे काम आहे. केवळ गाणाऱ्याचे नव्हे.

येथे एका तांत्रिक गोष्टीचा खुलासा करणे अवश्य आहे, कारण दोन संगीतपद्धतींच्या मिलाफातील खरी कसोटी तेथेच लागते. आपल्या संगीतात तानपुऱ्याचा षड्ज अचल असतो. गायकाने लावलेल्या प्रत्येक स्वराचे नाते त्या एका षड्जाशी जोडलेले असल्यामुळे गांधाराचा अर्थ गाणे संपेपर्यंत गांधारच राहतो, आणि रागाची सारी सूक्ष्मता याच स्थैर्यावर उभी असते. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकत्र वाजवून जे स्वरसंघात केले जातात ते घडोघडी बदलत असतात. गायकाने एकच गांधार लांबवून धरला असताना खालचा संघात बदलला की तो गांधार क्षणापूर्वी प्रसन्न होता तो आता विषण्ण वाटू लागतो. रागावर असे संघात बेधडक लादले तर रागाचा चेहरा पुसला जातो, ही आपल्या जुन्या गायकांची तक्रार रास्त होती. आफताब यांनी संघात टाकले नाहीत, परंतु त्यांचा वावर विरळ केला. हार्पच्या किंवा गिटारच्या तारा पुष्कळदा दोन-तीन स्वरच सूचित करतात, संघात पुरा होण्याच्या आत थांबतात, आणि त्यामुळे स्वराला रंग तर चढतो पण त्याचे मूळ स्थान ढळत नाही. ‘बागों में’ या पहिल्या रचनेत स्कॉटलंडच्या मेव्ह गिलख्रिस्ट यांनी वाजविलेली हार्प ऐकताना आपल्या स्वरमंडळाची आठवण होते ती यामुळेच. ही रचना त्यांच्या पहिल्या अल्बममध्येही होती. दोन्ही रूपे एकापाठोपाठ एक ऐकली तर मधल्या सात वर्षांत काय काय गाळले गेले त्याचा हिशेब कानांनाच लागतो.

साथीच्या वादकांत ग्यान रायली हे गिटारवादक आहेत, आणि या नावापाशी महाराष्ट्रातल्या वाचकाने क्षणभर थांबावे. ग्यान हे अमेरिकी रचनाकार टेरी रायली यांचे चिरंजीव; टेरी रायली हे १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या पंडित प्राणनाथ यांचे शिष्य; प्राणनाथ जन्माने लाहोरचे आणि विद्येने किराना घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले आणि त्यांच्यापासून सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी अशी जी परंपरा चालली तिने महाराष्ट्राचा कान घडविला. एका स्वरावर दीर्घकाळ थांबावे, त्याच्या आतले अवकाश हळूहळू उघडावे, ही किराना घराण्याची वृत्ती लाहोरहून निघून अमेरिकेतील रचनाकारांच्या एका पिढीत मुरली, आणि त्या पिढीच्या पुत्राने लाहोरहूनच आलेल्या एका गायिकेला साथ केली. यावरून थेट वारसा सिद्ध होतो असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु हे गाणे ऐकताना आपल्याकडच्या कानाला ते परके वाटत नाही याचे एक कारण येथे असावे.

अल्बममधील सगळेच समान उंचीचे आहे असे मी म्हणणार नाही. ‘लास्ट नाइट’ या रचनेत रूमीच्या काव्याचा इंग्रजी अनुवाद जमैकाच्या रेगे संगीताच्या डुलत्या ठेक्यावर मांडलेला आहे; मंद्र सप्तकातील बास गिटारच्या आधारावर आवाज तरंगतो तो क्षण मनोहर आहे, आणि सहा शोकमग्न रचनांच्या संगतीत एखादी झुलणारी रचना असण्याचे प्रयोजनही कळते; तथापि इतरत्र जी अनिवार्यता आहे ती येथे मला जाणवत नाही, हे मिश्रण योजिलेले वाटते. याउलट ‘दिया है’ ही ग़ालिबच्या गझलेवरील रचना, जिच्यात ब्राझीलच्या बादी असाद यांची गिटार आहे, आणि ‘सांस लो’ ही मैत्रिणीच्या शब्दांवरची रचना, या दोन्ही मला या अल्बमचा गाभा वाटतात. ‘श्वास घे’ एवढेच सांगणाऱ्या या गाण्याचा अल्बम प्रसिद्ध झाला तो महिना एप्रिल २०२१ चा होता. त्या महिन्यात महाराष्ट्रातली आणि देशभरातली माणसे आपल्या आप्तांसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर मिळविण्याकरिता एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरत होती. अंत्यविधीला मोजक्याच माणसांनी जावे असे शासनाचे निर्बंध होते आणि शोक करायला चार माणसे जमविणे हेच अशक्य झाले होते. गायिकेने हे गाणे त्या आपत्तीसाठी रचलेले नव्हते, परंतु एकांतात केलेल्या शोकाला त्या घडीला जगभर जो श्रोतृवर्ग लाभला तो अन्य कोणत्या काळी लाभला असता असे वाटत नाही.

‘इंडी’, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र, या शब्दाने आज ज्या कलावंतांचा निर्देश होतो त्यांची व्यावहारिक स्थितीही वाचकाने समजून घ्यावी. मोठी कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते, जाहिरात करते, आणि त्याच्या मोबदल्यात गाण्यावरचे पुष्कळसे हक्क व कोणते गाणे काढावे याविषयीचा निर्णय आपल्याकडे ठेवते. स्वतंत्र कलावंताला रक्कम मिळत नाही किंवा अल्प मिळते, परंतु निर्णय त्याचे राहतात. २००८ साली तीन रचनाकारांनी स्थापन केलेली ‘न्यू अ‍ॅमस्टरडॅम’ ही तर नफ्यासाठी न चालविलेली संस्था आहे. अभिजात संगीताच्या शिक्षणातून आलेल्या पण त्याच्या चौकटीत न मावणाऱ्या रचनाकारांना आश्रय देणे हे तिचे कार्य. एखाद्या मोठ्या कंपनीच्या मसलतीत, सात मिनिटांहून दीर्घ, तबल्यावाचूनची, उर्दू गझल प्रमुख गीत म्हणून काढावी, असा प्रस्ताव मंजूर झाला असता काय? मला तरी तसे वाटत नाही. स्वातंत्र्य हे येथे केवळ अभिमानाचे बिरुद नाही. या अल्बमची लय ज्या संथपणावर उभी आहे तो संथपणाच त्या स्वातंत्र्यावाचून टिकला नसता.

पुढला यशाचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आपल्या आवडत्या गाण्यांची जी यादी प्रसिद्ध केली तीत ‘मोहब्बत’ होते. ३ एप्रिल २०२२ रोजी लास व्हेगास येथे झालेल्या समारंभात याच रचनेला त्या वर्षी नव्याने सुरू झालेले ‘सर्वोत्कृष्ट जागतिक संगीत सादरीकरणा’चे ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि ग्रॅमी मिळविणाऱ्या आफताब या पहिल्या पाकिस्तानी कलावंत ठरल्या. नव्या कलावंताचे पारितोषिक त्यांना मिळाले नाही. ‘व्हर्व’ या जॅझच्या नामवंत कंपनीने त्यांच्याशी करार केला आणि अल्बमची वाढीव आवृत्ती निघाली, तिच्यात ‘उधेड़ो ना’ या रचनेसाठी अनुष्का शंकर यांची सतार आली. २०२३ मध्ये विजय अय्यर आणि शहजाद इस्माइली यांच्या समवेत ‘लव्ह इन एक्झाइल’ आणि २०२४ मध्ये ‘नाइट रेन’ हे अल्बम निघाले.

या शेवटल्या अल्बमचा मराठी मुलखाशी जो संबंध आहे तो नमूद केल्यावाचून राहवत नाही. त्यातील काही रचना महलका बाई चंदा या अठराव्या शतकातील दख्खनी कवयित्रीच्या काव्यावर आधारलेल्या आहेत. महलका बाईंनी हैदराबादच्या निजामाच्या दरबारात कवयित्री, गायिका आणि जहागीरदारीण म्हणून कीर्ती मिळविली हे खरे. परंतु त्यांचा जन्म १७६८ सालचा आणि तो औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. ज्या शहरात त्या जन्मल्या तेथील मराठी वाचकाला त्यांचे नाव सांगावे लागते, आणि न्यूयॉर्कमध्ये राहणारी लाहोरची गायिका त्यांचे काव्य स्वरबद्ध करते, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांनी आणि संगीतकारांनी मनावर घेण्यासारखी आहे.

गझलेच्या मर्मज्ञांकडून या गायकीवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला एक मला विचारार्ह वाटतो. शेर गाळले की गझलेचा डौल जातो, आणि स्वर इतके लांबविले की ओळीचा छंद हाती लागत नाही. उर्दू जाणणाऱ्या श्रोत्याला काव्याचा जो आनंद मेहदी हसन किंवा फरीदा खानम देतात तो येथे मिळत नाही, असे ते म्हणतात. हे खरे आहे. काव्याचा संपूर्ण आस्वाद ज्याला हवा त्याने जुन्या मैफलींकडेच जावे, आणि आफताब यांनी त्या मैफलींची जागा घेण्याचा दावाही केलेला नाही. मात्र कवितेच्या पावित्र्यभंगाची जी दुसरी तक्रार होते ती मला मान्य नाही. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीच्या चाली दिल्या तेव्हा त्या चाली काशी-लखनौच्या कोठ्यांतून निघून मराठी रंगभूमीवर आल्या, आणि शंभर वर्षांनी आज त्याच चालींना आपण अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणून मान देतो. परंपरेचा वारस कोण, हे जन्माच्या दाखल्यावरून किंवा घराण्याच्या वंशावळीवरून ठरत नसून, त्या परंपरेतले काय टाकावे आणि काय प्राणपणाने जपावे हे ज्याला कळते त्याच्याकडे तो वारसा जातो. आफताब यांनी गझलेतला समारंभ टाकला आणि तिचा विरह जपला. माझ्या मते त्यांची निवड बरोबर होती, आणि गेल्या दशकातील उपखंडाच्या संगीतात या अल्बमच्या तोडीचे काम फार थोडे झाले आहे.

ज्या वाचकांना हे संगीत ऐकावेसे वाटेल त्यांनी आधी मेहदी हसन यांची हफीज होशियारपुरींची गझल निवांतपणे ऐकावी, म्हणजे काय वर्ज्य केले गेले ते कळेल. मग ‘व्हल्चर प्रिन्स’ ‘बागों में’पासून ‘सुरूर’पर्यंत, मधली एकही रचना न वगळता, ज्या क्रमाने मांडला आहे त्याच क्रमाने ऐकावा. आणि मराठी गझलेला चाली लावणाऱ्या आपल्या तरुण संगीतकारांना माझी विनंती आहे की, पुढच्या रचनेत कोणते वाद्य घ्यावे याचा विचार करण्यापूर्वी कोणते वाद्य सोडता येईल, हा प्रश्न त्यांनी एकदा स्वतःला विचारून पाहावा.